सायटेशनची भिशी

माझ्या आयुष्यभराच्या संशोधनाचा जगावर नेमका किती परिणाम झाला, हे मला एका दुपारी स्टाफरूममधल्या कॉम्प्युटरवर कळलं. माझ्या सगळ्या लिखाणाला मिळून एक सायटेशन होतं. म्हणजे जगातल्या एका माणसानं आपल्या शोधनिबंधात माझ्या शोधनिबंधाचा उल्लेख केला होता. हा देवमाणूस कोण, हे बघायला मी मोठ्या उत्साहानं क्लिक केलं, तर ती मीच निघाले.

मी राज्यशास्त्र शिकवते. आपल्याच शहरातल्या एका कॉलेजात, आणि इतकी वर्षं की माझ्या पहिल्या बॅचमधल्या मुलींच्या मुली आता मागच्या बाकावर बसून मोबाइल बघतात. नोकरी संपत आली होती आणि संपायच्या आत मला प्रोफेसर व्हायचं होतं. ही इच्छा घरी समजावून सांगणं महाकठीण. कॉलेजात शिकवणाऱ्या कुणालाही आपल्याकडे पहिल्या दिवसापासून प्राध्यापकच म्हणतात. माझ्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा नावाआधी 'प्रा.' छापलं होतं.

"तू आहेसच की प्रोफेसर," नवरा म्हणाला.

"मी असोसिएट प्रोफेसर आहे."

"मग शेवटी प्रोफेसरच की."

नवरा सरकारी खात्यात इंजिनिअर. मी विचारलं, तुमच्या ऑफिसात कुणी एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरला डेप्युटी म्हटलं तर चालतं का? तो एकदम सरळ होऊन बसला. म्हणाला, छे, असं कसं. मग त्याला माझं दुःख थोडंफार समजलं.

आणि ते दुःखच होतं, मी उगाच नाकारणार नाही. आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम असला की पहिल्या रांगेत सोफे टाकतात. सोफ्यांवर प्रोफेसर. त्यांच्या मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर आम्ही. माझ्या नंतर नोकरीला लागलेली, माझ्याकडून नोट्स नेऊन शिकवणारी माणसं एकेक करून पुढे सोफ्यावर जाऊन बसली होती, आणि मी त्यांच्या टकलांकडे बघत पाहुण्यांची भाषणं ऐकत होते. मला तो सोफा हवा होता. पगारात फरक पडेल न पडेल, रिटायर व्हायच्या आधी एकदा तरी त्या सोफ्यावर मला मागे रेलून बसायचं होतं.

त्यासाठी मुलाखत होती, मुलाखतीच्या आधी गुण होते आणि गुणांसाठी सायटेशन हवी होती. स्वतःचं स्वतःला दिलेलं धरत नाहीत, असंही कळलं.

गंमत अशी, की माझा ज्यावर जीव होता तो निबंध खुर्चीवरच होता. माझं सासर लासूर स्टेशनच्या पुढे, थोडं आत. आमच्या गावचं सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं, तेव्हा थोरल्या दिरांनी, म्हणजे दादांनी, माझ्या जाऊबाईंना उभं केलं. मी त्यांना अक्का म्हणते. अक्का निवडून आल्या, गुलाल दादांच्या अंगावर पडला आणि दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीतल्या खुर्चीत दादा जाऊन बसले. यात कुणाला काही नवल वाटलं नाही. मला मात्र वाटलं. मग सुट्टीच्या दिवसांत मी वर्षभर जात राहिले आणि ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कोपऱ्यात उभं राहून कोण कुठं बसतं एवढंच बघत राहिले. उभी का, तर आमच्या घरात थोरल्या दिरासमोर सुना खुर्चीत बसत नाहीत. पीएचडी झाली तरी बसत नाहीत.

ऑफिसात एकच खुर्ची होती. फिरती, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली. तिच्यात दादा. भिंतीला एक लांब बाक, त्यावर गावातले पुरुष, दाटीवाटीनं. आणि सरपंच? सरपंच दाराच्या आतल्या बाजूला टीसीएलच्या पोत्यावर. टीसीएल म्हणजे पाण्याच्या टाकीत टाकायची जंतुनाशक ब्लीचिंग पावडर. प्रत्येक ग्रामपंचायतीत तिचं एखादं तरी पोतं असतंच. अक्कांचे गुडघे गेलेले, त्यामुळे जमिनीवर बसवत नव्हतं. पुरुषांच्या बाकावर बसायची सोय नाही. खुर्चीचा तर प्रश्नच नाही. पोतं बरोबर उंचीचं होतं. दादा तिथून आवाज द्यायचे, "सही कर गं," की अक्का गुडघ्यावर हात देऊन उठायच्या, टेबलापर्यंत जायच्या, सही करायच्या आणि परत पोत्यावर येऊन बसायच्या. त्यांच्या सगळ्या लुगड्यांना मागून पांढरट डाग पडले होते. पावडरीनं रंग खाल्ला होता.

हे सगळं मी लिहिलं. गावाचं नाव बदललं, नाती लपवली, पोतं मात्र ठेवलं. इंग्रजीत लिहिल्यावर ते फार भारदस्त वाटायला लागलं. सत्ता, आसन, लिंगभाव असे शब्द शीर्षकात घातले. निबंध छापून आला आणि एखादी वीट विहिरीत टाकावी तसा गेला. वीट पडल्यावर निदान आवाज तरी येतो. माझ्या निबंधाचा तोही आला नाही.

मी पडद्याकडे बघत चिडून बसले होते, तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या मॅडम शेजारी आल्या. त्या आमच्या स्टाफरूममधल्या भिशीच्या प्रमुख. साड्यांची भिशी, स्टीलच्या भांड्यांची भिशी, एकदा तर त्यांनी काजूची भिशी चालवून दाखवली होती. त्यांनी पडद्यावरचा एकचा आकडा बघितला आणि भांड्यांकडे बघतात तशाच नजरेनं म्हणाल्या, "अहो, तुम्हालाही तोच त्रास का? आपण याची भिशी काढू या ना."

"कशाची?"

"सायटेशनची."

त्यांनी जागच्या जागी नियम सांगितले. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं. चिठ्ठी काढायची. ज्याची चिठ्ठी निघेल त्याचा निबंध बाकीच्या सगळ्यांनी आपापल्या पुढच्या निबंधात साइट करायचा. भिशी पूर्ण होईपर्यंत कुणी मध्येच सोडायची नाही. घेऊन बसलेल्यानं उरलेल्यांना देत राहायचं.

मी म्हटलं, ही शुद्ध फसवणूक आहे.

"फसवणूक कसली हो," त्या खरोखर दुखावल्या. "बाहेरच्या कुणाला घेतलंय का आपण? घरच्या घरातलं तर आहे."

आमच्या भिशीत वनस्पतिशास्त्राच्या मॅडम, गृहविज्ञानाच्या मॅडम, शारीरिक शिक्षणाचे सर, केमिस्ट्रीचे सर आणि मी. विषयांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही, ही अडचण मी पहिल्याच बैठकीत मांडली. त्यावर सगळ्यांनी माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की मी पुढे बोललेच नाही. पहिली बैठक माझ्याकडेच होती, गारखेड्यात. मी मुरमुऱ्यांचा सुशिला केला होता. नवरा दोनदा डोकावून गेला. इतकी शिकलेली माणसं स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या हलवत बसलेली बघून त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी विसरणार नाही. पहिली चिठ्ठी माझी निघाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला, खरं सांगते, हळदीकुंकवात उखाणा घेतल्यासारखं झालं.

आणि मग माझा परिणाम वाढायला लागला.

शारीरिक शिक्षणाच्या सरांनी आपल्या निबंधात लिहिलं, की खुर्चीत दीर्घकाळ बसल्यानं पाठीच्या कण्यावर ताण येतो, आणि पुढे आधार म्हणून मी. गृहविज्ञानाच्या मॅडम नाचणीच्या पापडांवर लिहीत होत्या. ग्रामीण स्त्रिया घरात बसल्या बसल्या अनेक कामं करतात, या वाक्याला त्यांनी मला जोडलं. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी तर कमालच केली. सीताफळाच्या झाडावर कोणतं फळ कुठल्या फांदीला बसतं, यावर स्थानिक परिस्थितीचा प्रभाव असतो, असं त्यांनी माझ्या आधारानं सिद्ध केलं. मी कॉलेजात जाताना क्रांती चौकात सिग्नलला थांबले की मोबाइल काढून आकडा बघायचे. मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले तरी बघायचे. आकडा हलला असला की तो दिवस बरा जायचा.

मलाही परतफेड करावी लागत होती. महिला आरक्षणावरच्या लेखात सीताफळ बसवताना माझ्या नाकी नऊ आले. पण बसवलं.

केमिस्ट्रीचे सर मात्र काही देईनात. महिना गेला, दुसरा गेला. भिशीच्या प्रमुखांनी त्यांना तंबी दिली. एके दिवशी सर कँटीनमध्ये मला शोधत आले. अतिशय सज्जन माणूस. किराडपुऱ्याकडचा, बोलण्यात मराठी आणि दखनीची सरमिसळ. हातात माझ्या निबंधाची प्रिंट. समासात पेन्सिलच्या खुणा. मी ते बघून चहा सांडायच्याच बेतात होते.

"मॅडम, मैंने पढा," ते म्हणाले. "पूरा पढा."

इतक्या वर्षांत हे वाक्य मला कुणीही म्हटलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही. मला भरून आलं, तेही कँटीनमध्ये, समोशाच्या ताटलीसमोर.

"कसं वाटलं, सर?"

"वो पोत्याचा पॅरा है ना, जबरदस्त. एकच विचारतो. ती बाई रोज बसते? टीसीएलच्या पोत्यावर? किती वेळ?"

"दिवसभर."

"या अल्लाह," सर म्हणाले, आणि खरोखर हादरून माझ्यासमोर बसले. "मॅडम, अंगाची ऊब, घामाची ओल, वरून दाब. पावडर मरते ना अशानं. क्लोरीन उडून जातो. गाव क्या पीता होगा?"

मी म्हटलं, सर, त्या परिच्छेदाचा मुद्दा वेगळा आहे. तिला खुर्ची मिळत नाही, हा मुद्दा आहे. सर म्हणाले, हो हो, ते पण आहे, पण क्लोरीन. सत्तेच्या विकेंद्रीकरणाबद्दल मी जे जीव तोडून लिहिलं होतं, त्याच्या समासात एकही खूण नव्हती. पोत्याच्या ओळीखाली मात्र दोन रेघा.

पुढे महिनाभर केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये जे चाललं होतं ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. सरांनी टीसीएलची दोन पोती आणली. एक फळीवर ठेवलं, त्याला कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्यावर सर स्वतः बसायचे. तास नसला की बसायचे. तिथंच बसून पेपर तपासायचे, तिथंच डबा खायचे. दोन्ही पोत्यांत थर्मामीटर खुपसलेले. मी एकदा दारातून विचारलं, सर, दुसऱ्या कुणाला बसवा ना. ते म्हणाले, नक्को मॅडम, वजन बदला तो रीडिंग बदलता. त्यांच्या पँटींना मागून पांढरट डाग पडायला लागले. मला अक्कांची लुगडी आठवली आणि हसूही आलं, आणि सरांसाठी घरून एक जुनं बस्कर न्यावं असंही मनात आलं. पण बस्करानं प्रयोग बिघडला असता.

सरांचा निबंध आला. ज्यावर कुणी बसतं त्या पोत्यातली पावडर लवकर निकामी होते, असा निष्कर्ष. आधारांच्या यादीत पहिला आधार मी.

त्या निबंधाला जी काही मागणी आली, ती भिशीच्या कुणी स्वप्नातही पाहिली नव्हती. पाणीपुरवठ्याचं बघणाऱ्या लोकांनी तो उचलला. बाहेरच्या, अनोळखी, भिशीत नसलेल्या माणसांनी सरांना साइट केलं. त्याच निबंधावर सर प्रोफेसर झाले. ते पेढे घेऊन माझ्या टेबलाशी आले तेव्हा त्यांना आनंद आवरत नव्हता आणि माझ्याकडे बघवतही नव्हतं.

"मॅडम, ये असल में आपका है," ते म्हणाले.

मी पेढा खाल्ला. पेढा चांगला होता. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, हे लपवून काय उपयोग? वर्षभर कोपऱ्यात उभी मी राहिले, आणि पोत्यावर महिनाभर बसून सोफा सरांना मिळाला. त्यांचा राग नव्हता. कुणाचा होता ते मला सांगता येत नव्हतं, म्हणून मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्यावर काढला.

मग माझी मुलाखत आली. टेबलापलीकडे तज्ज्ञ, सगळे मऊ खुर्च्यांत. अलीकडे उमेदवारासाठी एक खुर्ची, प्लास्टिकची, एक पाय किंचित आखूड. बाहेरून आलेल्या मुख्य तज्ज्ञांनी माझी सायटेशन पुढे घेतली. चष्मा लावला. काढला. परत लावला.

"मॅडम, आकडा चांगला आहे," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. "पण हे पाठदुखी, हे पापड, हे सीताफळ."

"आंतरविद्याशाखीय आहे, सर."

"आणि ही ब्लीचिंग पावडर. तुम्ही राज्यशास्त्र शिकवता. पावडरीशी तुमचा काय संबंध?"

मी पुढे वाकून सांगायला लागले. खुर्ची एक, सरपंच पोत्यावर, सही करायला उठते, परत पोत्यावर बसते. खुर्चीचा आखूड पाय प्रत्येक वाक्याला टक टक करत होता. तज्ज्ञ शेजारच्या तज्ज्ञांना चहात साखर आहे का, असं विचारत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "राज्यशास्त्राच्या माणसांपैकी कुणी तुमचा आधार घेतलाय?"

"एकानं," मी म्हटलं.

"कुणी?"

"मी."

टेबलापलीकडे हशा पिकला. त्यात दुष्टपणा नव्हता; मी विनोद केला असं त्यांना वाटलं. मीही हसले. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये गाडीला टेकून मी रडले. शिपाई बघत होता म्हणून डोळ्यात कचरा गेल्याचं नाटक केलं. निकाल यायची वाट बघायची गरज नव्हती, पण तो आला, आणि त्यात माझा माझ्या विषयावर काहीही परिणाम नसल्याचं सभ्य भाषेत कळवलं होतं.

त्यानंतरच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो. नवरा शेताकडे गेला. अक्का घरी नव्हत्या. ग्रामपंचायतीत आहेत, असं कळलं, म्हणून मी तिकडे गेले. कशाला गेले, कुणास ठाऊक. वर्षभर जायची सवय होती, पाय वळले.

दारातच थबकले. दाराच्या आतल्या बाजूला, पोत्याच्या जागी, प्लास्टिकची खुर्ची होती आणि तिच्यात दादा बसले होते. आणि टॉवेल टाकलेल्या फिरत्या खुर्चीत अक्का. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पेन, समोर ग्रामसेवक कागद घेऊन उभा. पोतं खाली नव्हतं. ते मागच्या भिंतीला उंच फळीवर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, देवघरातल्या पोथीसारखं ठेवलं होतं.

"ये गं मास्तरीणबाई," अक्का म्हणाल्या. "थांब जरा. एवढी सही करते."

मी थांबले. बाक भरलेला होता, तिसरी खुर्ची नव्हती. मी नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले.

मी काही विचारायच्या आत दादाच खाकरले. त्यांना कधीपासून कुणाला तरी सांगायचं होतं. "तालुक्याहून सूचना आली ना," ते म्हणाले. "टीसीएलच्या पोत्यावर कुणी बसायचं नाय. उंचावर, कोरड्या जागी ठेवायचं. शास्त्र हाय ते. पावडर मरती."

बाकावरच्या पुरुषांनी माना डोलावल्या. "लई वाईट असतं ते," एकजण म्हणाला. "सगळ्या गावाच्या जिवाशी खेळ."

पुढचं अक्कांनी सांगितलं, सही करता करता. सूचना वाचून झाल्यावर पोतं उचलायला बाकावरचं कुणी हलेना. मग दादाच खुर्चीतून उठले. अक्कांना पोत्यावरून उठावं लागलं. पोतं अंगावर घेऊन दादा फळीकडे गेले आणि अक्कांचे गुडघे तर असे ठणकत होते, की उभं राहवेना. अख्ख्या ऑफिसात एकच जागा रिकामी होती. "बसले जरा येळ," अक्का म्हणाल्या. "म्हटलं, हे येईपर्यंत." पोतं फळीवर चढवून दादा मागे वळेपर्यंत ग्रामसेवकानं सवयीनं खुर्चीसमोर कागद ठेवले होते, आणि एक म्हातारी रहिवासी दाखल्यासाठी खुर्चीकडे बघून बोलायला लागली होती. अक्कांना उठायचं होतं, पण गुडघे धरले होते. दादा तिथंच उभे राहिले. पोतंही गेलं होतं आणि खुर्चीही.

"दुसऱ्या दिशी मी घरनं ही आणली," दादा प्लास्टिकच्या खुर्चीच्या हातावर थाप मारत म्हणाले. "म्हटलं, तिचे गुडघे दुखतेत, तिला टेबलापस्तोर कामून चालवायचं? आन दारावर कुणी तरी ध्यान द्यायला पायजेच की. वरून सूचना हाय म्हणल्यावर आपला काय विलाज?"

सूचनेत कोण कुठं बसावं याबद्दल अक्षर नव्हतं. पण ऑफिसातल्या प्रत्येक पुरुषाचा चेहरा असा गंभीर होता, की हे सगळं क्लोरीनसाठीच चाललं आहे याबद्दल कुणाला तिळमात्र शंका नसावी. आजूबाजूच्या गावांतही असंच झालंय म्हणे. पोती वर गेली आणि बऱ्याच सरपंच बायांना खुर्चीशिवाय बसायला जागा उरली नाही.

"कोण्या सरानं शोध लावला म्हणं," अक्का म्हणाल्या. "देव भलं करो त्याचं. माझी लुगडी वाचली."

मी गप्प बसायचं ठरवलं होतं. शपथेवर सांगते, ठरवलं होतं. पण मुलाखतीपासूनचं सगळं वर आलं.

"अक्का, त्या सरांनी ते माझ्या निबंधात वाचलं," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. "ते आधी मी लिहिलंय."

दादा खुर्चीतल्या खुर्चीत माझ्याकडे वळले. त्यांना राग आला नव्हता, त्यांना मनापासून प्रश्न पडला होता.

"तू?" ते म्हणाले. "तू तर राजकारण शिकविती. पावडरीशी तुझा काय संबंध?"

तज्ज्ञांनी विचारलं होतं तेच. या माणसासमोर काय सांगायचं होतं? की तुम्ही खुर्चीत बसता हे मी परदेशातल्या नियतकालिकात छापून आणलं?

अक्कांनी पेन खाली ठेवलं.

"काय लिवलं व्हतंस गं?"

"तुम्ही कुठं बसता ते."

"मी?"

"व्हय," मी म्हटलं. माझ्या तोंडून तिथलीच भाषा आली. "तुम्ही कुठं बसता, दादा कुठं बसतात. एवढंच."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मी कोपऱ्यात उभी, पाठ भिंतीला, पर्स पोटाशी धरलेली. मग त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली.

"वरीसभर आलीस इथं," त्या सावकाश म्हणाल्या. "उभीच व्हतीस की गं तू."



अक्कांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दाराकडे बघितलं. "अहो," त्या म्हणाल्या, "तिला खुर्ची द्या."

दादांनी फळीवरच्या पोत्याकडे बघितलं, तिथून काही सूचना येते का ते पाहावं तसं. मग ते उठले, आपल्या हातानं खुर्ची उचलली आणि माझ्यासमोर आणून ठेवली.

मी बसले. थोरल्या दिरासमोर, आयुष्यात पहिल्यांदा. प्लास्टिकचीच होती. मी मागे रेलले.